आवाज कमी ठेवता येईल असा इअरफोन

आष्टी, ता. परतूर, जि. जालना

चि. बाळ,

कुठले इअरफोन घेऊ, असं तू फोनवर विचारलंस आणि मी ‘पत्राने कळवते’ म्हटलं, तर तू हसलीस. पण दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नाही. सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसलीस की स्पर्धा परीक्षेची लेक्चरं मोबाइलवर चालू होतात, रात्री खोलीवर पुन्हा तेच. सुट्टीला गावी येताना संभाजीनगर ते परतूर रेल्वे आणि पुढे आष्टीपर्यंत एसटी. त्या सगळ्या वाटेतही कानात काहीतरी असतंच. गाणी ऐकणाऱ्या पोरांना सगळे रागावतात. अभ्यास करणाऱ्या पोरींचे कान त्यांच्यापेक्षा जास्त तास राबतात, ते मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ‘अभ्यासच करतेय ना’ म्हणून घरचेही गप्प बसतात. माझं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. सावकाश वाच.

मुद्द्याचं आधी सांगते. दुकानदार तुला बेस ऐकवेल, बॅटरी किती तास टिकते ते सांगेल, रंग दाखवेल. तू पैसे मोजायचे ते बाहेरचा गोंगाट अडवण्याचे. जो कानात घातल्यावर आवाज कमी ठेवूनही शब्दन्‌शब्द कळतो, तो इअरफोन तुझा. बाकी सगळं नंतर.

असं का म्हणते, ते तुझ्या मामाआजोबांकडे बघून कळेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये काढली. त्यांना ऐकू येत नाही असं नाही. माणूस बोलतोय हे त्यांना कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मागे मोसंबीच्या सौद्याला बसले होते, तेव्हा व्यापारी ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, यावर अडले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ‘आ’ त्यांना ऐकू येतो, ‘स’ येत नाही. स, श, च, त, फ ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि दबक्या आवाजाची असतात, आणि गोंगाटाने कान बिघडतो तो आधी उंच पट्टीतच, बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास. स्वर ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं, आपले कान ठीक आहेत, लोकच पुटपुटतात. लग्नाकार्यात मामाआजोबा हल्ली एका बाजूला बसतात आणि कुणी काही विचारलं की नुसती मान हलवतात. कानाचं मशीन घेतलंय त्यांनी. मशीन आवाज मोठा करून देतं, पण जे आत उमटतच नाही ते परत आणून देत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. अंतर्कर्णात शंखासारख्या वळणाची नळी असते, तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे १५ हजार केसपेशी. आवाजाच्या लहरीने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मज्जातंतूला संदेश जातो. कोंबडीच्या आणि इतर पक्ष्यांच्या कानात या पेशी मेल्या तर नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच. मोठा आवाज फार वेळ ऐकला की त्या थकतात. म्हणून वरातीतून घरी आल्यावर कानात दडा बसल्यासारखं होतं, शिट्टी वाजते. सकाळपर्यंत बरं वाटतं आणि आपण विसरून जातो. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की ऐकण्याची चाचणी पूर्ववत आली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. तेव्हा सकाळी बरं वाटलं म्हणजे काहीच झालं नाही, असं धरून चालू नकोस.

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१९ साली ऐकण्याच्या साधनांसाठी एक मानक जाहीर केलं, एच.८७० असं त्याचं नाव. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, त्याहून जास्त नाही, असं त्यात धरलंय. कानाला आठवड्याचं रेशन ठरवून दिलंय म्हण ना. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते आणि मिळणारे तास निम्मे होतात. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. ९५ डेसिबलला आठवड्याला फक्त सव्वा तास, आणि १०१ ला जेमतेम १९ मिनिटं. खरी मेख अशी की ३ डेसिबलचा फरक ऐकताना धड जाणवतही नाही. बोट व्हॉल्यूमच्या बटणावर दोनदा जास्त पडतं आणि अर्धे तास हातचे जातात. फोनचा आवाज पूर्ण चढवला तर कितीतरी इअरफोन १०० च्या पुढे जातात.

मामाआजोबांच्या मिलचा नियम वेगळा होता. आपल्याकडे कारखान्यांसाठी ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ती पोटासाठी राबणाऱ्यांसाठी ठरवलेली तडजोड आहे. आपण आपल्या मर्जीने जे ऐकतो त्याला ती लावायची नाही.

तुझ्या धाकट्या भावासाठीही हे ध्यानात ठेव. लहान मुलांसाठी त्याच मानकात ७५ डेसिबल आणि ४० तास धरलेत. बाजारात ‘लहान मुलांसाठी सुरक्षित, ८५ डेसिबल’ असं छापलेले हेडफोन मिळतात. मुलांच्या हिशोबाने ८५ ला आठवड्याचे तास भरतात सुमारे ४. तो कार्टून बघायला बसला की दोन दिवसांत तेवढे संपवतो. तेव्हा त्याला हेडफोन घालूच नको, टीव्हीवर लावून दे.

आता तुझं बघू. लेक्चर म्हणजे बोलणं. हातभर अंतरावरून दोन माणसं बोलतात ते साधारण ६० डेसिबल. शांत खोलीत तू लेक्चर ६०-६५ वर ठेवलंस तर सहा तास ऐकूनही रेशनला धक्का लागत नाही. डोकं दुखेल, पाठ अवघडेल, कान शाबूत राहतील. घोळ होतो तो एसटीत. परतूरहून येताना मी एकदा फोनवरचं आवाज मोजायचं ॲप चालू केलं. असलं ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, पण आकडा ऐंशीच्या आसपास नाचत होता. इंजिनची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, हॉर्न. अशा गोंगाटात शिकवणाऱ्याचं बोलणं नीट कळायला ते आठ-दहा डेसिबल तरी वर लागतं. म्हणजे तू ८८-९० वर गेलीस, तेही नकळत, कारण तुला तो आवाज ‘बरोबर’ वाटतो. मग आठवड्याचे उरले चार-सहा तास. आणि गाडीतून उतरल्यावर आवाज खाली आणायचं कुणाला आठवतं? रात्री खोलीवर तोच आकडा चालू.

म्हणूनच गोंगाट अडवणारा इअरफोन. त्याने बाहेरचं १५-२० डेसिबल कमी केलं, तर त्याच एसटीत तू सत्तर-पंच्याहत्तरवर ऐकू शकतेस. हातात पडते ती सूट केवढी मोठी आहे, ते वरच्या आकड्यांवरून तूच काढ.

गोंगाट अडवायचे मार्ग दोन. एक साधा: कानाचं भोक नीट बंद होणं. रबरी टोक असलेले इअरफोन हे करतात, पण टोक मापाचं असेल तरच. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी टोकं येतात आणि बहुतेक पोरं जे लावलेलं येतं तेच घालून फिरतात. डाव्या-उजव्या कानाचं मापही वेगळं असू शकतं. दोन्ही कानांना सगळी टोकं घालून बघ. बसल्यावर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला, की माप जमलं. फोमची टोकंही मिळतात. बोटांत दाबून, वळून कानात घातली की ती फुगून कानाच्या आकाराची होतात. ती आणखी अडवतात, फक्त लवकर मळतात. आणि ते टोक नसलेले, नुसते कानाच्या खळीत अडकवायचे पांढरे इअरफोन असतात ना, ते बाहेरचं जवळपास काहीच अडवत नाहीत. प्रवासासाठी ते घेऊच नकोस, फुकट मिळाले तरी.

दुसरा मार्ग नॉइज कॅन्सलेशनचा, ज्याला तुम्ही एएनसी म्हणता. आतला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लहर सोडून तो मारतो. इंजिनची, रेल्वेच्या डब्याची, पंख्याची सतत चालणारी जाड घरघर याने छान कमी होते. कर्कश हॉर्न किंवा शेजारच्या बाईचं बोलणं तितकं कमी होत नाही. ते रबरी टोकाने अडवायचं. म्हणून दोन्ही असलेलं उत्तम. दोन हजारांच्या आत एएनसीचे बड्स आणि नेकबँड आता मिळतात.

इथे एक फसगत होते, ती नीट समजून घे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं. एएनसी आणि ईएनसी यांत एका अक्षराचा फरक, पण काम अगदी निराळं. ईएनसी तुझ्या मायक्रोफोनमधला गोंगाट कमी करतं, म्हणजे फोनवर पलीकडच्या माणसाला तू स्वच्छ ऐकू येतेस. तुझ्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार ‘नॉइज कॅन्सलेशन आहे’ म्हणून तेच हातात ठेवतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. खोक्यावरचं अक्षर स्वतः वाच. एएनसीपुढे ‘३२ डेसिबल’ असा आकडा छापलेला असेल, तर तो बहुधा ज्या पट्टीत सगळ्यात जास्त आवाज कमी होतो तिथला असतो. सगळीकडे तेवढं कमी होईल असं समजू नकोस.

कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन अभ्यासिकेत चांगले. भोकात काही जात नाही, कान दुखत नाहीत. पण मराठवाड्याचा एप्रिल-मे तुला माहीत आहे. घामाने गाद्या भिजतात आणि मग ते बाजूला पडतात. परवडत असतील तर थंडीपुरते ठीक. हाडातून ऐकवणारे म्हणून जे कानापुढे बसवतात, ते ‘कानाला सुरक्षित’ म्हणून विकले जातात. ते पडद्याला वळसा घालतात खरे, पण आवाज शेवटी पोचतो त्याच केसपेशींपाशी. शिवाय कान उघडे राहतात, म्हणून गोंगाटात माणूस आवाज चढवतोच. पहाटे रस्त्याने फिरायला जाताना घालायला चांगले, तुझ्या कामाचे नाहीत.

दुकानात पारख अशी कर. आपला फोन घेऊन जा आणि तुझ्या सवयीचं एक लेक्चर त्यात उतरवून ठेव, गाणं नको. दुकानाच्या आतल्या शांत कोपऱ्यात आवाज एवढाच ठेव, की शब्द कळावेत. मग बटणाला हात न लावता दुकानाबाहेर, रिक्षा-मोटारसायकलींच्या गर्दीत जाऊन उभी राहा. शब्द अजून कळतायत? घे. हात आपोआप व्हॉल्यूमकडे गेला? परत ठेव, मग तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघ. आणखी एक: फोन एकतृतीयांश व्हॉल्यूमवर असताना आवाज फार बारीक नको आणि एकदम दणदणीतही नको. काही बड्सना व्हॉल्यूमच्या दोन पायऱ्यांमध्ये एवढी मोठी उडी असते की कमी आवाज नेमका ठेवताच येत नाही. तसले नकोत.

घेतलेस की फोनची सेटिंग उघड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या भागात ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ असतं, आयफोनमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’. तिथे कमाल मर्यादा बांधून टाक. ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठोकताळा म्हणून ते बरं आहे, पण एका इअरफोनचे ६० टक्के दुसऱ्याच्या ८० टक्क्यांएवढे असू शकतात. म्हणून नव्या इअरफोनला नव्याने मर्यादा बांधायची. कानाला किती मात्रा झाली ते मोजून आठवड्याची सूचना देणारे फोनही आता आहेत. तुझ्यात ती सोय असेल तर बंद करू नकोस. सूचना आली की चिडून ‘ओके’ दाबायचं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून इअरफोनबद्दल सावध केलं होतं. त्यात आवाज ५० डेसिबलपर्यंत आणि दिवसाला २ तासांहून जास्त नको, तेही मध्ये थांबत थांबत, असं सांगितलंय. वरच्या जागतिक मानकापेक्षा हे फारच कडक आहे आणि तुला ते पाळता येणार नाही, हे मला दिसतंय. माझं मत विचारशील तर तासांवरून स्वतःला खाऊ नकोस, आवाजावर मात्र ठाम राहा. आणि इअरफोनचे तास जिथे सहज कमी होतात तिथे कर. खोलीवर एकटी असलीस की फोनच्या स्पीकरवर लाव. नोट्स वाचून होतील तिथे लेक्चर पुन्हा ऐकू नकोस. एसटीत तर मला वाटतं, ऐकूच नये. परतूर ते आष्टी कितीसा रस्ता? खिडकीतून कापूस कसा आलाय ते बघत ये. रात्री कानात घालून झोपायचं तर अजिबात नाही. आवाज चालू राहतो आणि झोपेत कोणी तो कमी करत नाही.

अलका याज्ञिक तुझ्या आईची आवडती गायिका. जून २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्याने झालेला मज्जातंतूचा बहिरेपणा सांगितला. कारण हेडफोनचं नव्हतं, पण त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना फार मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून सांभाळून राहायला सांगितलं. कानावर जिचं सगळं आयुष्य उभं, तिने अशा वेळी दुसऱ्यांचा विचार केला, याचं मला फार वाटलं. यातून तू एक गोष्ट घे: एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं तर ‘मळ असेल’ म्हणून तेल घालत बसायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. त्यावर औषध लवकर सुरू झालं तरच गुण येण्याची आशा असते.

स्वच्छतेचं थोडक्यात. टोकं आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धू आणि पूर्ण वाळव. पावसाळ्यात ओल्या कानात घालू नकोस, बुरशी धरते. मैत्रिणीला एक बाजू, आपल्याला एक बाजू, असं नको. आणि एएनसी रस्त्यावर बंद. परतूरला फलाटावर उतरलीस की दोन्ही कान मोकळे करायचे. गाडीची शिट्टी ऐकू आलीच पाहिजे. बाहेरचा आवाज आत येऊ देणारी सोय असली तरी तिच्या भरवशावर रूळ ओलांडायचे नाहीत.

शेवटचं काम इअरफोन घ्यायच्या आधीचं आहे. एकदा श्रवणचाचणी करून घे. घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, केसपेपर काढून तिथे विचार. बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, बारीक टूं ऐकू आला की बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत बघतात आणि आलेख हातात देतात. ४००० पाशी रेघ खाली गेली आहे का, एवढं डॉक्टरांना मुद्दाम विचार. कानात सारखी शिट्टी किंवा भुंगा वाजत असेल तर तेही सांग, लपवू नकोस. आज आलेख चांगला आला तरी तो जपून ठेव. दोन वर्षांनी पुन्हा काढलास की शेजारी ठेवून बघता येईल. आलेखाचा फोटो मला पाठव. इअरफोनचे पैसे बाबांकडे दिलेत, बिल मात्र मागून घे, त्याशिवाय वॉरंटी मिळत नाही.

तुझी
आजी